कंपनीला इचारा, पानं काहून गळून राहिलीत

किस्से जमवावे लागत नाहीत, ते जमतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये तर विचारूच नका. फळ्याखाली खडूची भुकटी साठते तसे रोज थोडे थोडे साठत जातात आणि कुणी झाडत नाही. मी वसमतच्या एका शाळेत भूगोल शिकवते. इतक्या वर्षांत मी एकाही किश्शाला पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, तरी ते वाढले. ज्या झाडापायी हे सगळे घडले त्याला मात्र आम्ही इतकं पाणी घातलं की... असो. क्रमानं सांगते. क्रमानं सांगणं मला जमत नाही, पण बघू.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळी शाळा मोठे सर म्हणते. हा माणूस एका जागी बसू शकत नाही. खुर्चीत बसले की उजवा पाय हलायला लागतो, पायाबरोबर टेबल हलतं, टेबलाबरोबर बशीतला कप. बाहेरून कपाची किणकिण ऐकली की आम्ही ओळखतो, सर केबिनमध्ये आहेत. प्रार्थना चालू असताना ते कुंड्या सरळ करतात, राष्ट्रगीतापुरतेच काय ते स्थिर. कुणी खिडकी उघडली की ते लावतात, लावलेली असली की उघडतात. वाईट माणूस नव्हे, पण शेजारी बसलं की आपल्यालाही उगाच कुठंतरी जायचंय असं वाटायला लागतं.

अशा माणसाच्या नशिबी कोणतं झाड यावं?

*

सरांची एकुलती एक मुलगी अश्विनी. माझी विद्यार्थिनी, नकाशे भरण्यात तरबेज. पुण्याला नोकरीला लागली आणि तिथंच आपल्या मनानं लग्न ठरवलं. सर म्हणाले, "मंग तुझं तू बघ." तिनं बघितलं. लग्नाला काकू, म्हणजे सरांची बायको, गेल्या, सर गेले नाहीत. तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. काकू रोज दुपारी तिच्याशी फोनवर बोलायच्या आणि तेवढा वेळ सर अंगणात फेऱ्या मारायचे. मला दोघांचाही राग यायचा. एकासारखी दुसरी हट्टी, आणि मधल्यामध्ये काकूंचं भरीत.

दिवाळीला पुण्याहून एक खोकं आलं. आत कागदाच्या गुंडाळ्यांत बसवलेली एक पसरट कुंडी आणि तिच्यात जेडचं झाड. अंगठ्याएवढं खोड, नखाएवढी गुबगुबीत पानं, आणि वीतभर उंचीत जुन्या वडाची ऐट. अश्विनीला पुण्यात बोन्सायचा नाद लागला होता, त्यातलंच एक तिनं पाठवलं होतं. काकूंच्या फोनवर निरोप होता, "बाबांना म्हणावं, हे पानातच पाणी साठवणारं झाड आहे. याला काहीच करायचं नाही. नुसतं उन्हात ठेवायचं. हात लावायचा नाही."

सरांनी कुंडीभोवती दोन चकरा मारल्या. एका पानावर बोट ठेवलं, काढलं. कुंडी थोडी डावीकडे सरकवली, पुन्हा उजवीकडे. मग काकूंना म्हणाले, "काहीच करायचं न्हाई म्हंजे दिवसभर काय करायचं?"

*

झाड घरात टिकलं ते सरांच्या थोरल्या बहीण, सेनगावच्या आत्या, भाऊबीजेला येईपर्यंत. आत्यांनी उंबऱ्यातूनच बघितलं.

"ह्ये असं खुरटं झाड घरात ठिवलंस?"

"बोन्साय हाय ते अक्का. मुद्दाम लहान ठेवतेत."

"मुद्दाम खुरटवायचं? आन घरात? घराची वाढ खुंटती अशानं."

सर म्हणाले, "घरात आमी दोघंच. आमची वाढ आता आडवीच."

आत्या हसल्या नाहीत. झाड बाहेर गेल्याशिवाय जेवायला बसणार नाही म्हणाल्या. काकू रडकुंडीला आल्या, कारण झाड लेकीनं पाठवलेलं आणि नणंद तर घरची वडीलधारी. शेवटी सरांनीच तोड काढली. स्कूटरवर पुढे सर, मागे काकू, काकूंच्या मांडीवर कुंडी, असं झाड सुट्टीतच शाळेत आलं आणि केबिनच्या खिडकीत बसलं.

शाळा उघडल्यावर आमच्या शिपाईमामांनी विचारलं, "काय नाव म्हणले सर याचं?"

"जेड."

मामांनी स्टाफरूममध्ये येऊन बातमी दिली, "मोठ्या सरांला झेड सेक्युरिटी भेटली."

*

खिडकीत आल्यापासून झाडाला माणसांचा त्रास सुरू झाला. जो तो केबिनमध्ये सही घ्यायला जायचा आणि निघताना आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायचा. पुण्य लागतं ना! मामा सकाळी घालायचे, सर तासातासाला. काही दिवसांतच पानं गळायला लागली.

सर माझ्याकडे आले. दारात उभे, एक पाय आत, एक बाहेर.

"मॅडम, तुमच्याकडं कंपनीचा नंबर हाय का?"

"कोणती कंपनी, सर?"

"ही. झाडवाली. पुण्याची."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. घरात बायकोच्या फोनवर जो नंबर रोज दुपारी लागतो, तो हा माणूस माझ्याकडे मागत होता.

"आहे," म्हटलं. "काय विचारू?"

"कंपनीला इचारा, पानं काहून गळून राहिलीत."

मी अश्विनीला फोन लावला. तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं, कंपनीसकट. मला वाटलं रागावेल. पण ती म्हणाली, "मॅडम, गिऱ्हाईकाला सांगा, पाणी बंद करा. कुंडी पूर्ण वाळू द्या. त्यानंतरसुद्धा पाणी नुसतं दाखवायचं."

त्या दिवसापासून एकीकडे कंपनी, दुसरीकडे गिऱ्हाईक आणि मध्ये मी, बिनपगारी कॉलसेंटर. काकूंना तेवढीच उसंत मिळाली.

*

पण "पाणी दाखवायचं" हे शब्द मी पोचवले आणि तिथंच घात झाला.

पुण्यात पाणी दाखवणं म्हणजे शिंपडल्यासारखं करणं असेल. मोठे सर शेतकऱ्याच्या घरातले. आमच्याकडे पाणी दाखवतात ते बैलाला. हौदावर न्यायचं, त्याची मान खाली गेली की शेजारी उभं राहायचं, आणि बैलानं आपण होऊन तोंड वर काढेपर्यंत हलायचं नाही.

कुंडी कोरडी होईपर्यंत सरांनी कसा दम काढला ते त्यांचं त्यांना माहीत. कोरडी झाली तशी त्यांनी बादली भरून घेतली आणि अख्खी कुंडी आत बुडवली. मी हजेरीपट घेऊन गेले तर सर बादलीशेजारी उभे, हात पाठीमागे, आणि हळू आवाजात लांब शीळ घालताहेत.

"सर, हे काय चाललंय?"

"पाणी दाखवून राहिलो."

"आणि शीळ?"

सर थांबले. बादलीकडे बघितलं. म्हणाले, "शिळीबिगर जनावर पाणी पेत न्हाई मॅडम." मग स्वतःचंच बोलणं ऐकून खिडकी लावायला गेले.

कंपनीला हे कळवलं तेव्हा पलीकडून बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज येत होता. शेवटी तिनं विचारलं, "शीळ अजून तशीच आहे का हो, मॅडम? शेवटाला चढणारी?"

हे मी गिऱ्हाईकाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

*

झाड काही सुधरेना. तेव्हा विज्ञानाचे शिंदे सर मैदानात उतरले. शिंदे सरांची शेती जवळा बाजारच्या बाजूला, आणि आपल्या मातीबद्दल बोलताना ते उभे राहतात.

"झाडात खोट न्हाई, मातीत खोट हाय. पुण्याची माती ती. वाळू आन खडे. आमची काळी घाला, कापूस खांद्याला लागतो माझ्या."

दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवर पिशवीभर काळी माती घेऊन आले. दोघा सरांनी मिळून अश्विनीची माती टाकून दिली आणि कुंडी काळ्या मातीनं दाबून भरली. आता काळी माती म्हणजे आमच्या जिल्ह्याचा अभिमान, पण एकदा पाणी प्याली की ती महिनाभर सोडत नाही. पाणी साठवणारं झाड आणि पाणी साठवणारी माती, दोघांनी मिळून अशी काही साठवण केली की खोड बुडाशी मऊ पडलं.

मी फोटो पाठवला. कंपनीचा लगेच फोन.

"मॅडम, ही माती कुणी घातली?"

"शिंदे सरांनी."

"मला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं," ती म्हणाली. मग सांगितलं, की मुरूम चाळून घ्या, विटांचा चुरा घ्या, माती नावापुरती. पाणी टाकलं की दुसऱ्या बाजूनं निघून गेलं पाहिजे.

शिंदे सरांना हे फारच लागलं. "मुरमात झाड लावा म्हणती? आमच्या आज्यानं मुरमाड रान विकायला काढलं तं फुकट घ्यायलाबी कोणी आलं न्हाई. आन आता चाळून, धुऊन कुंडीत?"

तरी दुपारच्या सुट्टीत शाळेमागच्या रस्त्याच्या कामावरून मुरूम आणला गेला. मोठे सर स्वतः चाळणी घेऊन बसले. बसून करायचं पण हात हलवत ठेवणारं काम त्यांना फार मानवलं, इतकं की गरज होती ओंजळभर आणि चाळला ढीगभर. डोक्याला रुमाल, अंगावर लाल धूळ. तेवढ्यात एक पालक दाखला घ्यायला आले. त्यांनी सरांकडे नीट बघितलं, आम्हा उभ्या असलेल्यांकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "सर, शिक्षकांलाबी रोजगार हमी चालू झाली का?"

*

पण खोड मऊ पडलं होतं ते पडलंच होतं. कंपनीनं सांगितलं, कुजलेला भाग कापून टाका. आत हिरवं, टणक लागेपर्यंत कापा. आणि मग लगेच लावू नका. उघडंच सावलीत ठेवा. जखम वाळू द्या. ओल्या जखमेनं मातीत घातलं तर पुन्हा कुजतं.

गणिताच्या कांबळे मॅडम माझ्या शेजारी बसून हे ऐकत होत्या. त्या फार बोलत नाहीत. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "हे झाडाचंच सांगतीय ना ती?"

सरांनी कापलं. मुळं सगळी गेली. उरली वरची ऐट आणि खालचा कापलेला बुडखा. ते त्यांनी वर्तमानपत्रावर टेबलावर ठेवलं आणि आठवडाभर आमचे हाल झाले. सर तास अर्धा सोडून येऊन बघायचे. फुंकर घालायचे. एकदा तर त्यांनी पंख्याचा वेग वाढवला, मग कमी केला, मग मला बोलावून विचारलं, "कंपनीला इचारा, पंखा चालतो का?" रात्री काकूंना म्हणायचे, "तिकडं ते उघडं पडलंय." कोण, हे सांगायचे नाहीत.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. आता मोठ्या सरांचा तपासणीचा इतिहास असा की साहेबांनी "आज सोमवार" म्हटलं तर सर मंगळवारीसुद्धा "व्हय साहेब" म्हणतील. साहेब टेबलाशी बसले, कागदावरची ती वाळकी कांडी त्यांनी चिमटीत उचलली आणि कचऱ्याची टोपली शोधायला लागले.

"ठेवा ते खाली," सर म्हणाले.

आम्ही चौघं रांगेत उभे होतो. कपसुद्धा वाजत नव्हता.

"काय म्हणालात?"

"खाली ठेवा साहेब. त्याची जखम वाळून राहिली."

साहेबांनी कांडी कागदावर ठेवली. मग का कोण जाणे, स्वतःचा हात उलटासुलटा करून बघितला आणि रुमालाला पुसला. तपासणी त्या वर्षी लवकर आटोपली.

*

गळलेली पानं कुणीच टाकली नव्हती. कंपनीचा सल्ला होता, की पान नुसतं चाळलेल्या मुरमावर ठेवून द्या, त्यालाच मूळ फुटतं. ढीगभर मुरूम होताच. स्टाफरूममध्ये डब्यांची झाकणं, तुटक्या बशा, साखरेच्या डब्याचं बूड, सगळ्यांत एकेक पान पडलं. शिंदे सरांनी आपलं पान गुपचूप काळ्या मातीत ठेवलं. ते कुजलं. त्यांनी दुसरं ठेवलं.

कांबळे मॅडमनी झाकण कपाटावर ठेवलं आणि विसरून गेल्या. त्यांच्या पानाला मूळ आलं, मुळाशेजारी दोन इवलीशी पानं आली. माझ्या पानाला काही येईना. मी त्याला उन्हात ठेवलं, सावलीत ठेवलं, त्याच्याशी बोलले, त्याला चार वाईट शब्दही ऐकवले. एक दिवस कांबळे मॅडमनी मला पकडलं. मी पान उचलून खालून बघत होते.

"रोज बघता?"

"मधल्या सुट्टीत फक्त."

"लेकराला हलवून हलवून झोप लागली का इचारता व्हय?" म्हणाल्या आणि माझं झाकण आपल्या कपाटात ठेवून, कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकली. त्या दिवशी मला पहिल्यांदा मोठ्या सरांची दया आली. लांबून हसणं सोपं होतं.

*

सरांचं झाड जगलं. मुरमात लावल्यावर कित्येक दिवस ते होतं तसंच होतं, आणि मग एका सकाळी टोकाला तांबूस कोंब. सरांनी प्रार्थना पाच मिनिटं लवकर घेतली. मला म्हणाले, "कंपनीला कळवा." एवढंच. पण मी अश्विनीला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "गिऱ्हाईकाला म्हणावं, शाब्बास." मी हे सांगितलं तेव्हा सरांनी टेबलावरचे कागद उगाच एकावर एक रचले, पुन्हा विस्कटले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. झाड घरी न्यायचं तर आत्यांचा धाक, शाळेत ठेवायचं तर शाळा बंद. वसमतचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको, पत्र्यावर पापड भाजतात. सर रोज सकाळी कुलूप उघडून जायचे, कुंडी सावलीत सरकवायचे, संध्याकाळी पुन्हा जाऊन जागेवर ठेवायचे. काकू मला बाजारात भेटल्या. हातात कैऱ्यांची पिशवी.

"शाळा चालू असताना माणूस इतका शाळेत जात नव्हता," म्हणाल्या. मग हळूच, "एवढं करतेत, पर एक फोन करा म्हणलं की छातीत कळ येती त्यांच्या."

"तीही करू शकते की," मी म्हटलं.

"ती म्हणती, आधी त्यांनी बोलावं. लग्नाला मी त्यांचीच वाट बघत होते म्हणती." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मॅडम, मला आता दोघांच्याबी मधी उभं राहवत न्हाई. ह्या दिवाळीला ती न्हाई आली तर मी जाऊन राहणार हाय तिच्याकडं. कायमची. सरांला सांगितलंय तसं."

मला वाटलं होतं त्या हसतील. हसल्या नाहीत.

*

पावसाळ्यात झाड जोमात आलं आणि सरांचे हात पुन्हा शिवशिवायला लागले. मोबाईलवर त्यांनी बघितलं, की बोन्सायच्या फांदीला तार गुंडाळून वळण देतात. कंपनीला न विचारता त्यांनी बांधकामावरची बांधणीची तार आणली आणि फांद्यांना आवळली. गुंडाळणं म्हणजे हाताला काम, मग काय, एक फांदी सोडली नाही. झाड पलंगावर पाय टांगून पडलेल्या पेशंटसारखं दिसायला लागलं.

तार तशीच राहिली. निकाल, सभा, एक ना दोन. एके दिवशी सरांनी मला बोलावलं. खिडकीशी उभे होते आणि गंमत म्हणजे हलत नव्हते.

"कंपनीला इचारा, तार कवा काढायची असती."

मी तिथंच, त्यांच्यासमोर फोन लावला. अश्विनी म्हणाली, "रुतायच्या आधी काढा म्हणावं."

मी सांगितलं. सरांनी कुंडी माझ्याकडे वळवली. तार रुतलेली होती. गुबगुबीत फांदी तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर आली होती, काही ठिकाणी तर तार दिसतच नव्हती.

"अशूला इचारा," सर म्हणाले, "रुतली असंल तर?"

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. अश्विनीच्या लग्नापासून मी या माणसाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःला ते कळलं की नाही, माहीत नाही. पलीकडे अश्विनीनं ऐकलं होतं, कारण मी बोलायच्या आधीच तिचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता.

"बाबांना सांगा, ओढू नका. ओढली की साल निघते. तुकडे तुकडे करून कापायची, सावकाश." मग म्हणाली, "त्यांना नाही जमणार मॅडम. त्यांना घाई असते. त्या कामाची कात्री वेगळी असते. माझ्याकडे आहे."

मी जसंच्या तसं सांगितलं. शब्द इकडचा तिकडे केला नाही.

सरांनी मान हलवली. कुंडी खिडकीत ठेवली. पुढचा तास ते केबिनमध्येच होते आणि कप वाजला नाही. मामा दोनदा डोकावून आले, सरांची तब्येत तर बरी आहे ना म्हणून.

*

आता हा शेवटचा. याची मी स्वतः साक्षीदार आहे.

दोनच दिवसांनी मला परभणीला चुलत बहिणीकडे जायचं होतं. सकाळी स्टँडवर परभणीवरून जाणारी पुण्याची गाडी लागली तशी चढले. मागची कुठली तरी जागा धरली, पदर सावरला, आणि पुढे बघते तर दोन आसनं सोडून मोठे सर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चोपडलेले. शेजारी खिडकीच्या जागेवर खोकं, आणि खोक्यात, चारी बाजूंनी टॉवेल कोंबून बसवलेली, ती कुंडी. मी हाक मारणार होते, पण त्यांच्या मानेकडे बघून नाही मारली. सर लग्नाला निघालेल्या माणसासारखे ताठ बसले होते.

गाडी भरत होती. एक बाई मूल घेऊन आली आणि खोक्याकडे बोट करून म्हणाली, "ह्ये उचला, बसू द्या."

"जागा धरलेली हाय," सर म्हणाले.

"कोणाची?"

सरांनी टॉवेल आणखी जरा आत कोंबला. बाई पुटपुटत मागे गेली, माझ्याच शेजारी बसली. गाडी सुटली. कंडक्टर मशीन घेऊन पुढून आला. गावाकडचाच पोरगा, सरांना ओळखत असावा, कारण आवाज आपोआप खाली आला.

"कुठं सर?"

"पुणे. एक फुल, एक हाफ."

कंडक्टरनं सरांच्या पलीकडे बघितलं. "हाफ कोण हाय?"

सरांनी खोक्याकडे बोट केलं.

"झाडाला तिकीट न्हाई लागत सर. मांडीवर घेऊन बसा."

"मांडी हलती माझी."

"मंग खाली ठिवा, पायाशी."

"पायबी हलतेत."

पुढचे दोघंतिघं मागे वळून बघायला लागले होते. कंडक्टर अडचणीत. मशीनवर बोट ठेवून म्हणाला, "पर सर, हाफ तिकीट लेकराचं असतंय. मी तपासणीवाल्याला काय सांगू? इचारतील, लेकरू कुठं हाय."

सरांनी एका हातानं खोकं धरलं होतं. दुसऱ्या हातानं पैसे पुढे केले.

"लेकरू पुण्यात हाय," सर म्हणाले.